वावर एकाच्या नावाचं, वाहणारा दुसरा

महाराष्ट्रातल्या वहितीखात्याचं सरासरी क्षेत्र १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. एकरात सांगायचं तर साडेदहा एकराचं सव्वातीन एकर झालं. खात्यांची संख्या याच काळात पन्नास लाखांच्या आतून दीड कोटींच्या पुढे गेली. शेतीवरच्या प्रत्येक चर्चेत हे आकडे येतात आणि त्यांवरून निष्कर्षही ठरलेला निघतो: तुकडे पडले, तुकड्यावर संसार चालत नाही, म्हणून शेती बुडाली.

या निष्कर्षाचा अर्धाच भाग मला पटतो. मृगाच्या पेरणीत वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे तालुक्यात, मांजरखेड, पळसखेड, सातेफळ यांपैकी कोणत्याही गावाच्या शिवारात पाहावं. एकच ट्रॅक्टर एक धुरा ओलांडून दुसऱ्या वावरात जातो, तिथून तिसऱ्यात. ही वावरं सातबाऱ्यावर वेगवेगळ्या नावांची आहेत. एक मालक अमरावतीला नोकरीत आहे, दुसरा पुण्याजवळ कारखान्यात, तिसरी विधवा गावातच राहते. बियाणं, खत, फवारणी आणि सोंगणी मात्र एकाच माणसाची. त्याची स्वतःची जमीन चार-पाच एकर असेल, वाहतो तो तीस-चाळीस एकर. त्याने ही वावरं ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रोख खंडाने, घेतली आहेत, एखादं बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर. कागद कशाचाच नाही. सरकारी मोजणीत त्या शिवारात आठ-दहा छोटे शेतकरी आहेत, मातीवर एक मध्यम शेतकरी आहे.

ही मोजणी कशी होते हेही पाहायला हवं. महाराष्ट्रात कृषी गणना मुख्यतः गावच्या महसुली दप्तरावरून तयार होते. दप्तरात जे नाव तोच शेतकरी. तोंडी ठोका दप्तरात येत नाही, म्हणून गणनेतही येत नाही. याउलट २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांना घरी जाऊन विचारलं गेलं, तेव्हा देशातल्या ग्रामीण वहितींपैकी १७.३ टक्के वहितींत खंडाने घेतलेली जमीन निघाली. तोंडी व्यवहार लपवण्याकडेच लोकांचा कल असतो, त्यामुळे खरं प्रमाण याहून मोठं असावं असं मला वाटतं.

म्हणजे आपल्याकडे दोन प्रवाह उलट्या दिशांनी चालले आहेत. मालकी फुटत चालली आहे आणि वहिती गोळा होत चालली आहे. आपले कायदे, कर्जं, विमा, अनुदानं आणि सहानुभूतीसुद्धा पहिल्या प्रवाहाकडे पाहून ठरतात. दुसऱ्याला कायद्यात जागाच नाही. वऱ्हाडातल्या शेतीची आजची मोठी अडचण मी इथे पाहतो.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दशकांत इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. जो खातेदार, तोच सरकारला सारा देणार. वर्धा नदीच्या पलीकडे, आर्वी-पुलगावच्या बाजूला, मध्य प्रांतात मालगुजारी आली: गावाचा सारा भरणारा मालगुजार आणि त्याच्याखाली कुळं. जुना चांदूर तालुका या नदीला अगदी लागून होता. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, पाऊसही सारखाच, पण मालकीच्या दोन वेगळ्या रीती. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि मालगुजारांकडे त्यांची घरवहिवाटीची जमीन राहिली. आज धामणगावहून रेल्वेने पूल ओलांडून पुलगावच्या बाजूला उतरावं आणि दोन्हीकडचे सातबारे शेजारी ठेवावेत. कोणता कुठल्या काठाचा हे क्षेत्रावरून सांगता येणार नाही. इतक्या वेगळ्या कायद्यांनी सुरू झालेली दोन शिवारं एकाच जागी येऊन पोचली, याचा अर्थ जमिनीचा आकार ठरवणारी शक्ती कायद्याच्या बाहेर आहे.

ती शक्ती शोधायला मोजणीचाच आधार मिळतो. रयतवारी मोजणीत सर्व्हे नंबर पाडताना एक हिशेब होता: एका बैलजोडीला जेवढं क्षेत्र नीट वाहता येईल, ते नंबर पाडण्याचं माप. भारी काळ्या जमिनीत ते कमी, हलक्या जमिनीत जास्त. जमिनीचा तुकडा किती मोठा असावा याचं उत्तर बैलाच्या खांद्यावरून आलं होतं. ज्याच्याकडे एक जोडी आणि घरात चार माणसं, तो एक-दोन नंबर वाहायचा. ज्याच्याकडे चार जोड्या आणि सालदार, तो पाटील किंवा देशमुख. शेताचा आकार हा नांगर ओढणाऱ्या ताकदीचा आणि हाताशी असलेल्या माणसांचा आकार होता.

मग रेल्वे आली. १८६७ पर्यंत मुंबईची गाडी नागपूरला पोचली आणि चांदूर बाजारपासून वेगळं ओळखू यावं म्हणून या चांदूरच्या नावालाच रेल्वे जोडली गेली. त्याआधी अमेरिकेतल्या यादवीने, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरपर्यंत मागणी आणली होती. रोकड आली, तशी जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली तसं जमीन गहाण ठेवणंही आलं. रयतवारीने खातेदाराला जमीन विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क दिला होता. सावकाराने त्याच हक्काला हात घातला. भाव पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, आणि वावरं सावकाराच्या नावावर चढली. पुष्कळ ठिकाणी जुना मालकच कूळ म्हणून तेच वावर वाहत राहिला. मालकी एकाकडे आणि वहिती दुसऱ्याकडे ही फारकत इथे तेव्हाच सुरू झाली होती, फक्त तेव्हा मालक बलवान होता आणि वाहणारा दुबळा.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांनी ही दुखरी जागा ओळखली. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३३ मध्ये आलेल्या कर्ज लवाद कायद्यामागे त्यांचा आग्रह होता. सावकाराला बोलावून कर्ज तडजोडीने कमी करायचं, वावर वाचवायचं, हा त्याचा गाभा. त्या काळाच्या दुखण्यावर ते नेमकं औषध होतं.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे कायदे आले. पहिला मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८. त्याने १ एप्रिल १९६१ या दिवशी कुळाला मालक केलं. दुसरा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, जो १९७५ च्या दुरुस्तीनंतर कोरडवाहू जमिनीला कुटुंबामागे ५४ एकर आणि बारमाही ओलिताला १८ एकर या मर्यादेवर स्थिरावला. कूळकायद्याने हजारो घरांना जमीन दिली आणि त्याबद्दल मला आदरच आहे. कायदा येण्याची चाहूल लागताच अनेक कुळांकडून राजीनामे लिहून घेतले गेले, हेही तितकंच खरं. पण या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ, हे सूत्र त्याने जमीन मालकाच्या मनात कायमचं रुजवलं. तेव्हापासून आजपर्यंत मालक जमीन ठोक्याने देतो, पण कागद करत नाही. दरवर्षी पाडव्याला, सावंगा विठोब्याच्या यात्रेच्या सुमारास, सालदार ठरतात तशीच ठोक्याची बोलणी होतात, आणि शक्य झालं तर दोन-तीन वर्षांनी ठोकेदार बदलला जातो, न जाणो कुठे हक्क लागला तर.

किसानपुत्र आंदोलनाची मंडळी कमाल जमीन धारणा कायद्याला शेतीच्या तुकड्यांचा मुख्य गुन्हेगार मानतात. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण चांदूरच्या कोरडवाहू शिवारात हा युक्तिवाद टिकत नाही. समजा १९७५ मध्ये एका घराकडे नेमकी कमाल मर्यादेएवढी, ५४ एकर, जमीन होती. तीन मुलं झाली, प्रत्येकाला अठरा एकर. त्या प्रत्येकाला तीन मुलं, प्रत्येकाला सहा. कायदा नसता आणि शंभर एकर राहिले असते, तरी नातवाच्या वाट्याला अकराच आले असते. तुकडे वाटणीने पडले, आणि वाटणी इतकी निकडीची झाली कारण धाकट्या दोन भावांना गावाबाहेर स्थिर रोजगार मिळाला नाही. कायद्याने मोठ्यांचं थोडं काढलं, पण लहानांचं लहानपण वेगळ्याच कारणाने आलं.

वाटणी कशी होते हे शहरातल्या वाचकाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. तीन भावांत नऊ एकरांचं वावर वाटायचं तर तीन चौकोन पडत नाहीत. प्रत्येकाला पांदणीला तोंड हवं असतं, म्हणून वावराचे तीन लांब पट्टे निघतात. प्रत्येक पट्ट्याला नवे धुरे आणि त्या धुऱ्यांत गेलेली तासं. विहीर एकाच पट्ट्यात राहते आणि पाण्याच्या पाळीवरून पुढची पिढी बोलणं सोडते. पांदण अडवली की तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज होतो. हा कायदा १९०६ चा आहे आणि आजही रोज वापरला जातो. नंबराला तिरप्या रेघा वाढत जातात, पोटहिश्शाचा पोटहिस्सा होतो. अशा पट्ट्यात ट्रॅक्टर वळवायला जागा नसते. तिन्ही पट्टे एकाच ठोकेदाराने घेतले की तो मधल्या धुऱ्यावरूनही वखर फिरवतो आणि वावर पुन्हा एक होतं. फक्त तहसीलच्या नकाशात नाही.

यात बहिणींचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः समान वाटा दिला. शेतकरी संघटनेने त्याआधीच लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकोच्या नावे जमीन करून देण्याचं आवाहन केलं होतं, आणि शरद जोशींच्या शब्दाखातर अनेक शेतकऱ्यांनी ते केलंही. तरी तलाठ्याकडे आजही वारसाच्या फेरफारामागोमाग हक्कसोडपत्र येतं. निंदण, वेचणी, सोंगणी बायका करतात, आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव नवरा मेल्यावर चढतं. समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून गेला, तेव्हा थेट खरेदीत खातेदार म्हणून नोंद असलेल्या प्रत्येकाला मोबदला मिळाला आणि ज्यांनी हक्क सोडला होता त्या बहिणींना काही नाही. वर्षानुवर्षं तेच वावर वाहणाऱ्या तोंडी ठोकेदारालाही काही नाही. कागदावर नाव असणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत सगळ्यांना कळलं.

आता ठोक्याकडे वळू. तो वाढला, त्याची कारणं शिवारातच दिसतात. सोयाबीन आलं, ज्वारी गेली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल. सालदार मिळेनासा झाला. गावातला मजूर रोजाने जातो आणि सोंगणीला मेळघाटातून टोळ्या येतात. बैलजोडी नसलेला तीन एकरांचा मालक नांगरणी, पेरणी, मळणी सगळं भाड्याने करतो, आणि शेवटी त्याच्या लक्षात येतं की यापेक्षा ठोक्याने देऊन हाती रोख घेतलेलं बरं. ज्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला त्याची अडचण उलटी आहे. हप्ता भरायचा तर चार एकरांवर ट्रॅक्टर परवडत नाही, तीस-चाळीस एकर हवेत. बैलजोडीने शेताचा जो आकार ठरवला होता, तो ट्रॅक्टरने मोडला आणि स्वतःचा नवा आकार मागितला. मालकी तो देऊ शकत नव्हती, म्हणून ठोक्याने दिला.

मग मालक जमीन विकून का टाकत नाही? भावनेचा भाग आहेच, समृद्धीनंतर वाढलेल्या भावाची आशाही आहे. पण एक कायद्याचं कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा एकर विकला की माणूस कागदावर शेतकरी राहत नाही, आणि पुढे मनात आलं तरी परवानगीशिवाय वावर घेऊ शकत नाही. शहरातली नोकरी कंत्राटी, घर भाड्याचं. अशा माणसाने तीन एकर धरून ठेवणं शहाणपणाचंच आहे. ती जमीन त्याचं पेन्शन आहे.

जगातही हेच वळण दिसतं. अमेरिकेत १९३५ मध्ये ६८ लाख शेतं होती आणि सरासरी दीडशे एकरांच्या आसपास. २०२२ मध्ये शेतं १९ लाख राहिली आणि सरासरी ४६३ एकर. कारखान्यांनी माणसं ओढून घेतली आणि मागे राहिलेल्यांची शेतं वाढली. आपल्या डोळ्यांपुढे विकासाचं हेच चित्र असतं आणि म्हणून आपली सरासरी घसरताना पाहून आपण घाबरतो. मला जपान जास्त जवळचा वाटतो. तिथल्या युद्धोत्तर जमीन सुधारणेने कुळांना छोटे मालक केलं, अगदी आपल्यासारखं. पुढे त्या मालकांची मुलं शहरात गेली, पण जमीन विकेनात. तेव्हा कायदे हळूहळू सैल करत नेले आणि २०१४ पासून प्रत्येक प्रांतात एक संस्था उभी केली, जी विखुरलेल्या मालकांकडून जमीन भाडेपट्ट्याने घेते आणि खरोखर शेती करणाऱ्याला सलग तुकडा देते. मालकी तशीच राहिली, वहिती जुळली. आणि ती कागदावर जुळली.

आपल्याकडे ती कागदाबाहेर जुळते, त्याची किंमत कोण देतो? गारपीट झाली की नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात जाते. भारतीय कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते आणि पैसे त्याच नावाने निघतात, म्हणून ठोकेदार एकतर मालकाच्या हातापाया पडतो किंवा हमीभावाखाली खेडा खरेदीवाल्याला विकतो. पीककर्ज मालक उचलतो, ठोकेदार कृषी केंद्राच्या उधारीवर आणि सावकारावर चालतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, पण नोंद होते ती खातेदाराच्या खात्यातच. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तोही जमिनीशी बांधलेला. पाऊस, भाव, मजुरी, कीड हे सगळे धोके अंगावर घेणारा माणूस या नोंदींत कुठेच नाही. तो मेला, तर तो शेतकरी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्या बायकोवर येते.

फक्त क्षेत्र पाहून धोरण आखलं की काय होतं, हे वऱ्हाडाने २००८ मध्ये भोगलं आहे. केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती, त्यावरच्याला उरलेली रक्कम फेडली तरच सवलत. उसाचे चार बागायती एकर असलेला पूर्ण माफ झाला. चांदूरचा सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाला मोठा शेतकरी ठरला. दोनच वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, याच भागातल्या आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं होतं, आणि त्याच भागातला माणूस एकरांच्या मोजणीत बाहेर पडला. ओलिताशिवाय एकर मोजणं आणि वाहणाऱ्याशिवाय मालक मोजणं, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

म्हणून माझी मागणी ठोक्याला कागद मिळण्याची आहे. तीन ते पाच वर्षांचा करार, गावच्या तलाठ्याकडे साध्या शुल्कात नोंदवता येणारा. त्यात कायद्यानेच लिहिलेलं असावं की कितीही वर्षं झाली तरी या करारातून कूळहक्क निर्माण होणार नाही. ही हमी नसेल तर मालक सही करणार नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या कराराचा कायदा केला, पण त्याखाली कसणाऱ्याला कार्ड मिळायला मालकाची संमती लागते आणि ती पुष्कळदा मिळत नाही, कारण त्या जमिनीवर मालकाने स्वतः पीककर्ज उचललेलं असतं. ही गाठ सोडवायची तर पीककर्ज उभ्या पिकाला आणि ते पेरणाऱ्याला मिळायला हवं. मालकाला जमिनीवर कर्ज हवं असेल तर ते दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या व्याजाने घ्यावं.

डाव्या विचारांचे माझे मित्र म्हणतील की यातून कूळकायद्याची कमाई हातची जाईल आणि कंपन्या शिरतील. त्यांची भीती जुन्या गावाच्या चित्रावर उभी आहे. १९५८ च्या कायद्याने विधवा, अज्ञान मुलं आणि अपंग या मालकांना सवलत दिली होती, कारण त्यांना स्वतः कसता येत नाही हे मान्य होतं. आज तीन एकरांचा बहुतेक मालक त्याच अवस्थेत आहे आणि ठोकेदार पुष्कळदा त्याच्याहून ताकदवान. दुबळ्याला संरक्षण हवं हे तत्त्व तसंच राहतं, पण दुबळं कोण हे प्रत्येक वावरात वेगळं असतं, म्हणून करारात दोघांची बाजू लिहावी लागेल: मालकाला ठोका वेळेवर, आणि दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी ठोकेदाराला ठरलेली सूट. कंपन्यांना आणि फार मोठ्यांना रोखायला नवं काही शोधावं लागत नाही. कमाल धारणा कायद्यात कूळ म्हणून धरलेली जमीनही मोजली जाते. करार कागदावर आले की ५४ एकरांची मर्यादा पहिल्यांदाच वहितीला खऱ्या अर्थाने लागू होईल. किसानपुत्र आंदोलन जो कायदा उठवायला सांगतं, तो म्हणूनच मला ठेवावासा वाटतो.

आणि सगळी जमीन ट्रॅक्टरवाल्याकडेच का जावी? केरळात कुटुंबश्री या बचतगट चळवळीतल्या बायकांनी चार ते दहा जणींचे गट करून पडीक आणि भाड्याची जमीन कसली; अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांच्या अभ्यासात अशा गटशेतीची कामगिरी एकट्या शेतकऱ्यांच्या तुलनेत चांगली निघाली. चांदूर तालुक्यातही ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर दोन-दोन एकर धरून बसलेली भूमिहीन घरं आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाला साठ वर्षं होऊन गेली, आणि या घरांना मालकी मिळण्याची वाट अजून संपलेली नाही. मालकी लगेच देता येत नसेल तर भाडेपट्ट्याचा पहिला हक्क तरी देता येईल. बायकांच्या गटाने किंवा भूमिहीनाने ठोक्याने घेतलेल्या वावराला पीककर्जाचं व्याज सरकारने भरावं, आणि करारावर मालकाबरोबर त्याच्या बायकोची सही सक्तीची असावी. पुढच्या कृषी गणनेत प्रगणकाने दप्तर उघडण्याआधी धुऱ्यावर जाऊन एवढंच विचारावं, की हे पीक कोणी पेरलं, आणि उत्तरात येईल ते नाव मालकाच्या नावाशेजारी वेगळ्या रकान्यात लिहावं.